सोलापूरच्या पाळकांना आणि पंचमंडळांना खुले पत्र: बाप्तिस्म्याआधी बारा आठवडे द्या

सोलापूर शहर, जुळे सोलापूर, विडी घरकुल, अक्कलकोट रोड आणि होटगी रोड परिसरातील मंडळ्यांचे पाळक, पंच आणि घरोघरी चालणाऱ्या प्रार्थनासभांचे प्रमुख यांना,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आम्ही बाप्तिस्म्याची तयारी करून घेणारे शिक्षक आहोत. आमच्या मंडळ्या वेगळ्या आहेत. कोणाकडे पाणी शिंपडतात, कोणाकडे पूर्ण बुडवतात, आणि तो वाद आम्हाला या पत्रात आणायचा नाही. ज्यावर आमचे सर्वांचे एकमत आहे तेवढेच लिहितो. आपल्या शहरात बाप्तिस्मा घाईने दिला जातो आणि शिकवण मागे राहते. त्यामुळे करणी-भानामतीच्या भीतीतून बाहेर आलेला माणूस वर्षभरात शापाच्या, सैतानाच्या आणि पाळकाच्या नाराजीच्या भीतीत जाऊन बसतो. ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य त्याच्या हाती लागतच नाही. म्हणून आमची मागणी अशी: कोणालाही बाप्तिस्मा देण्याआधी किमान 12 आठवड्यांचा वर्ग घ्या, आणि त्याचा मुख्य विषय एकच ठेवा, ख्रिस्तात मी कोण आहे.

यावर लगेच प्रेषितांची कृत्ये दाखवली जातात. आठव्या अध्यायातल्या कूशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा वाटेतच झाला, सोळाव्यातल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच रात्री. हे खरे आहे. पण तो अधिकारी यरुशलेमेहून उपासना करून परतत होता आणि रथात यशयाचे पुस्तक वाचत होता. त्याला शास्त्र ठाऊक होते, फक्त ते कोणाविषयी आहे हे कळायचे होते. पुढे मूर्तिपूजक जगातून लोक येऊ लागले तेव्हा मंडळीने तयारीचा काळ वाढवला. प्राचीन मंडळीतला शिक्षक हिप्पोलितस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नियमावलीत हा काळ तीन वर्षांचा आहे. त्यापुढे बारा आठवडे काहीच नाहीत.

घाईत नेमके काय बिघडते ते पाहा. घरात आजारपण असते, कोणीतरी प्रार्थनेला नेते, थोडा आराम पडतो, पुढच्या रविवारी साक्ष होते आणि महिन्याच्या आत बाप्तिस्मा. सहा महिन्यांनी साखर पुन्हा वाढते किंवा मुलाची नोकरी जाते. त्या माणसाला आता दोनच उत्तरे सुचतात: माझा विश्वास कमी पडला, नाहीतर देवाने मला टाकले. त्याचे नाते देवबापाशी जुळलेच नव्हते, ते गुण येण्याशी जुळले होते. नवस फेडायची सवय असलेल्या मनाने येशूलाही नवसाच्याच हिशेबात बसवले, आणि आपण ते दुरुस्त केले नाही.

वर्गाची रचना अशी ठेवावी. एका वर्गात आठ ते दहा जण, बारापेक्षा जास्त कधीच नाही. एक बैठक 90 मिनिटांची: पहिली 15 मिनिटे मागच्या आठवड्याची उजळणी, 30 मिनिटे वाचन, 30 मिनिटे प्रश्न, उरलेला वेळ प्रार्थनेला. वेळ आपल्या सोयीने ठरवू नका. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभराच्या हजार विड्या जमा करून घरी येतात, स्वयंपाक उरकतात आणि मगच मोकळ्या होतात. यंत्रमागावरच्या कामगाराची पाळी बदलत असते. रविवारच्या उपासनेनंतरचा वेळ वरवर सोयीचा दिसतो, पण तेव्हा सगळ्यांना भूक लागलेली असते आणि लेकरे रडत असतात. बुधवारी किंवा शुक्रवारी रात्री आठनंतर, वस्तीतल्याच एखाद्या घरी, हे सर्वांत टिकते.

भाषेकडे तर आपण फारच दुर्लक्ष करतो. सोलापुरात मराठीत सौदा करणारी बाई घरात तेलुगू बोलते आणि तिची शेजारीण कन्नड. शिकवण मराठीत चालेल, पण वचन तिन्ही पवित्र शास्त्रांतून मोठ्याने वाचा. अध्याय आणि वचनांचे आकडे बहुतेक ठिकाणी जुळतात, त्यामुळे अडचण येत नाही. आणि प्रत्येकाला त्याच्या आईच्या भाषेत प्रार्थना करू द्या. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आत्मा आपल्याकडून ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारवतो. ‘अब्बा’ हा घरात बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेतला शब्द प्रेषित पौलाने आपल्या ग्रीक पत्रात तसाच ठेवला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मागे बसवू नका, मोबाइलवर त्यांच्या भाषेतले ध्वनिमुद्रित शास्त्र भरून द्या आणि पुढच्या वेळी त्यांनाच आधी विचारा. ऐकून लक्षात ठेवण्यात ते बहुधा सर्वांच्या पुढे असतात.

पहिले चार आठवडे मनाईची यादी काढू नका. हे करू नये, ते घालू नये, तिकडे जाऊ नये यापासून सुरुवात झाली की नवा माणूस तिला नव्या देवाचे सोवळे समजतो, आणि ते पाळायला तो तयारही असतो कारण त्याची त्याला सवय आहे. त्याऐवजी चार उतारे घ्या, आठवड्याला एक: लूक 15, योहान 9, रोमकरांस 8:1-17, इफिसकरांस 1:3-14. इफिसातला उतारा मूळ ग्रीकमध्ये सलग एकच लांब वाक्य आहे. त्यात देवाने काय केले याची क्रियापदे शोधायला सांगा: निवडले, नेमले, दत्तक घेतले, खंडणी भरून सोडवले, शिक्का मारला. मग विचारा, यांत माणसाने केलेले काम कोणते? ऐकणे आणि विश्वास ठेवणे एवढेच सापडते. ही शोधाशोध त्यांनी स्वतः करायची आहे. शिक्षकाने आधीच उत्तर सांगितले की बैठक वाया गेली.

लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात धाकट्या मुलावर सगळे बोलतात. थोरल्यावर तेवढाच वेळ द्या. त्याने बापाचे घर कधी सोडले नाही, तरी स्वतःला तो राबणारा दासच समजत होता. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतली आपली मुले दृढीकरणाच्या (लहानपणी झालेला बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या) वर्गाला बसतात तेव्हा त्यांना हाच भाग लागू पडतो.

पाचवा आणि सहावा आठवडा शापासाठी राखून ठेवा. इथे घाई केलीत तर पुढचे काही टिकणार नाही. लोक पितर, कुलदेवीचा कोप, न फेडलेला नवस, करणी असे सगळे घेऊन येतात आणि त्यावर आपल्याच काही सभांतून ‘पिढ्यांचा शाप’ नावाची नवी भर पडते. निर्गम 20:5 दाखवून सांगितले जाते की तुझ्या आजोबांनी अमुक पूजा केली म्हणून तुझा मुलगा दारू पितो, आणि तो शाप मोडायला खास प्रार्थना, खास उपवास, खास तेल लागते. वर्गात हे वाचन क्रमाने करा. आधी निर्गम 20:5-6 एकत्र, कारण सहाव्या वचनात हजारो पिढ्यांवरची दया आहे आणि ते वचन सभेत कोणी वाचत नाही. मग यहेज्केल 18:1-20. तिथे बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण देव स्वतः बंद करतो आणि मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही असे स्पष्ट सांगतो. मग योहान 9:1-3, जिथे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून याने पाप केले की आईबापांनी असे विचारतात आणि येशू दोन्ही नाकारतो. शेवटी गलतीकरांस 3:13-14. ज्याच्यासाठी ख्रिस्त स्वतः शाप झाला त्याच्यावर आणखी कोणता शाप शिल्लक राहतो? हा प्रश्न विचारून थांबा. बोलायला कोणी पुढे आले नाही तरी चालेल, तो प्रश्न घेऊन त्यांना घरी जाऊ द्या.

सोलापुरात या शिकवणीला एक जास्तीची जबाबदारी आहे. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याच्या वसाहती झाल्या, आणि आपल्या शहराच्या एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तो कायदा 1952 मध्ये गेला. ज्या घरांनी कुळावरून मारलेला शिक्का एवढ्या पिढ्या सोसला, त्यांतला कोणी आपल्या दारी येतो आणि आपण त्याला सांगतो की तुझ्या कुळातच दोष आहे. सरकारने जी नोंद पुसली ती मंडळीने पुन्हा लिहायची? आम्ही हे रागाने लिहीत आहोत आणि तो राग आम्हाला योग्य वाटतो.

सुटकेच्या, म्हणजे भूत काढण्याच्या, सभांबद्दल स्पष्टच सांगतो. डोके दाबणे, केस धरणे, थोबाडीत मारणे, धूर देणे, कोंडून ठेवणे, ‘तुझे नाव सांग’ म्हणून तासन्‌तास ओरडणे हे ताबडतोब बंद करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होते. स्त्रीसाठी प्रार्थना करताना दोन जाणत्या बायका सोबत हव्यात. माईक बंद, मोबाइलचे चित्रण बंद. कोणी थरथरून पडला तर तो अपस्माराचा झटका असू शकतो: त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ पाहा आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर 108 ला फोन करा. झोप उडणे, आवाज ऐकू येणे, जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा यांसाठी प्रार्थनेबरोबर मानसोपचाराचा डॉक्टर हवा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तो प्रार्थनागृहाच्या भिंतीवर लावा. आणि साखर, रक्तदाब, फिट, क्षयरोग यांच्या गोळ्या बंद करायला कोणीही, कोणत्याही दर्शनाच्या आधारे, सांगू नये. दर आठवड्याला ‘तुझ्यात काहीतरी आहे’ असे ऐकणारा माणूस हळूहळू तेच स्वतःची ओळख मानू लागतो. मग देवाचे लेकरू हे नाव त्याला बसत नाही.

तावीज, गंडेदोरे, भारलेला लिंबू यांचे काय करायचे हा प्रश्न येणारच. नियम साधा आहे: ज्याचे आहे त्याने, त्याला वाटेल तेव्हा, स्वतःच्या हाताने काढावे. कृत्ये 19:19 मध्ये इफिसच्या लोकांनी आपली जादूची पुस्तके आपणहून आणली होती, पौल घरोघर गोळा करीत फिरला नव्हता. शिक्षकाने तावीज तोडला की भीती तशीच राहते आणि पुढच्या आजारपणात दुप्पट होते. एकत्र कुटुंबाच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीला तर हात लावायचाच नाही. ती सासूची आहे, दिराची आहे. ती उचलणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू नेणे आणि दुसऱ्याची श्रद्धा दुखावणे, आणि सुनेला त्या घरात राहणे मग अशक्य होते.

नाव, कुंकू, मंगळसूत्र, साडीचा रंग यांवर एका बैठकीपेक्षा जास्त वेळ घालवू नका. रोमकरांस 14 वाचा आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडा. नाव बदलण्याची सक्ती शास्त्रात कुठेच नाही. मूर्तिपूजक देवतांवरून आलेली नावे घेऊनच पहिल्या मंडळीतले फिबी आणि अपुल्लोस सेवा करीत राहिले. आपल्या मराठी मंडळीचा वारसाही हेच सांगतो. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नारायणच राहिले, अभंग आणि कीर्तन घेऊन ख्रिस्ताकडे आले. लक्ष्मीबाईंनी पतीमागे लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर घेतला. नवऱ्याबरोबर बायकोला आणि बापाबरोबर वयात आलेल्या मुलांना एकाच दिवशी पाण्यात उतरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त नंतर भेटला, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितले. त्यांच्यासारख्या विदुषीला वेळ लागला, तर विडी घरकुलातल्या थकल्याभागल्या बाईला आपण महिन्यात का उरकतो?

जातीचा आठवडा टाळला जातो. टाळू नका. गलतीकरांस 3:28 भिंतीवर लावलेले असते, पण त्याआधीचा 2:11-14 हा भाग वाचला जात नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांसमोर खडसावले. पौलाच्या मते पेत्राचे हे वागणे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नव्हते. आपल्याकडे कोणती मंडळी ‘कोणाची’ हे रिक्षावालाही सांगतो. पंचांच्या निवडणुकीत गट कसे पडतात आणि सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न कसा विचारला जातो हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. वर्गात हा प्रश्न विचारण्यास मनाई करा. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात जेवण ठेवा, दर वेळी वेगळ्या घरी शिजवलेले, एकाच पंगतीत, एकाच माठातले पाणी. त्या दिवशी कोणाचा नेमका उपवास निघाला तर त्याच्याशी एकांतात बोला आणि त्याचा बाप्तिस्मा थांबवा. पंच असेल तर त्याचे पंचपद थांबवा.

घरच्यांशी कसे वागावे याचा सराव प्रत्यक्ष संवादाने करून घ्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, गणपतीत, लक्ष्मीपूजनाला काय करायचे? दोघांना समोरासमोर बसवा, एक आई, एक मुलगी. आई नैवेद्याचे ताट पुढे करते. ‘हे सैतानाचे आहे’ हे उत्तर वर्गात चुकीचे ठरवा. 1 करिंथकरांस 8 ते 10 वाचून त्यांनी स्वतःचे वाक्य तयार करावे, उदाहरणार्थ, ‘आई, तुझ्या हातचे मी रोज खाते आणि खात राहीन. देवाला दाखवलेले मात्र आता घेत नाही, राग मानू नकोस.’ वाक्य लहान हवे, आवाज खाली हवा, आणि त्याच दिवशी आईच्या कामाला हात लागलेला हवा. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आईबाप ख्रिस्ती नसले तरी रद्द होत नाही.

दहाव्या आठवड्यात वकील बोलवा. आपण हे लपवतो असा आरोप होतो आणि अनेक ठिकाणी तो खरा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. अनुसूचित जमातींसाठीच्या वेगळ्या आदेशात धर्माची अशी अट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 नुसार जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 26 नुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेतला वारसा जाऊ शकतो. संविधानाच्या कलम 25 ने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, पण बळजबरी किंवा फसवणूक करून धर्मांतर घडवण्याचा अधिकार त्यात येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले. तरतुदी बदलत राहतात, म्हणून वकील दरवर्षी बोलवा. हे ऐकून कोणी मागे फिरला तर त्याला प्रेमाने निरोप द्या, प्रार्थनेला येणे चालू ठेवायला सांगा. आणि कागदावर एक, रविवारी दुसरे, असे दुहेरी आयुष्य जगण्याचा सल्ला पाळकाने कोणालाही देऊ नये. सतत उघडे पडण्याच्या धास्तीत राहणाऱ्याला मोकळे म्हणता येत नाही.

पैशाचे एका वाक्यात: या बारा आठवड्यांत अर्पण आणि दशमांश मागू नका, आणि साडी, धान्य, शाळेची फी असे काही देऊही नका. गरज खरी असेल तर मदत बाप्तिस्मा न घेणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याच मापाने मिळाली पाहिजे.

पाळकांना आणखी एक विनंती. नोकरी कोणती धरावी, मोबाइल कोणता घ्यावा, मुलगी कोणाला द्यावी हे विचारायला लोक तुमच्याकडे येतात तेव्हा बरे वाटते, आणि धोका तिथेच आहे. 2 करिंथकरांस 1:24 मध्ये पौल विश्वासावर सत्ता गाजवायला नकार देतो आणि स्वतःला लोकांच्या आनंदातला सहकारी म्हणतो. सल्ला द्या, शास्त्र दाखवा, ‘देवाने मला दाखवले की तू हे कर’ हे वाक्य टाळा. ‘अभिषिक्ताविरुद्ध (म्हणजे पाळकाविरुद्ध) बोलाल तर नाश होईल’ ही धमकी तर कोणत्याही व्यासपीठावरून पुन्हा ऐकू येऊ नये.

बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रत्येकाला पंचांसमोर तीन प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच्या शब्दांत येऊ द्या, पाठ केलेले नको: येशू तुझ्यासाठी कोण आहे? आजार परत आला तर तू कोणाचा? तुला कोणी दबाव, भीती किंवा लालूच दाखवली का? 18 वर्षांखालील असेल तर आई आणि वडील दोघांची लेखी संमती घ्या. बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांनी तलावात उतरणे सोडावे. कमरेइतक्या पाण्याची टाकी पुरते, सोबत दोन माणसे धरायला असावीत, आणि फिट येणाऱ्याच्या घरच्यांना जवळ उभे करा. फोटो संमतीशिवाय काढू नका, आणि काढला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. त्या एका फोटोमुळे भाड्याचे घर आणि नोकरी दोन्ही जाऊ शकते. एकदा झालेला बाप्तिस्मा दुसऱ्या मंडळीत गेल्यावर पुन्हा करू नये एवढे तरी आपण शहरातल्या मंडळ्यांनी आपसांत ठरवूया. त्यानंतर सहा महिने प्रत्येकामागे एक सोबती नेमा, पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री, आठवड्यातून एक भेट.

येत्या मासिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. पंचांपैकी एकाने आणि एका भगिनीने वर्गाची जबाबदारी घ्यावी. बारा बैठकांची टिपणे आम्ही मराठीत देऊ, तेलुगू आणि कन्नड वाचक शोधून देऊ, आणि पहिल्या वर्गाच्या पहिल्या चार बैठका तुमच्या वस्तीत येऊन तुमच्या शिक्षकांसमोर घेऊ. तोवर ज्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा ठरल्या आहेत, त्यांच्या तारखा पुढे ढकला आणि त्यामागचे कारण त्यांना तुम्ही स्वतः सांगा.

ख्रिस्ताच्या सेवेत आपले,
बाप्तिस्मापूर्व वर्ग घेणारे शिक्षक,
सोलापूर